त्र्याहत्तरचं रजिस्टर

"तक्त्यात एक वर्ष कमी आहे," टेंबे बाई म्हणाल्या.

शिक्षकखोलीत तेवीस जणी होत्या. मी अर्धा तास बोलत होते आणि तेवढ्या वेळात दुसऱ्या कोणी उच्चारलेलं हे पहिलंच वाक्य. फळ्यावर मी खडूनं तक्ता काढला होता. अडुसष्ट ते सत्त्याऐंशी या काळात आमच्या कन्याशाळेत पाचवीला आलेल्या मुली, त्यांचे पत्ते, आणि त्यांना मिळालेली तुकडी. ड तुकडीत नऊशे बारा मुली बसल्या. त्यांतल्या आठशे एकसष्ट तीन वस्त्यांतल्या होत्या: विडी कामगारांची वस्ती, मातंग वस्ती आणि स्टेशनापलीकडच्या झोपड्या. अ तुकडीत या तिन्ही वस्त्यांतल्या मिळून सत्तावीस.

"त्र्याहत्तर सालचं रजिस्टर सापडलं नाही, बाई," मी म्हणाले. "कारकुनांनी सगळी कपाटं पाहिली. म्हणून ते वर्ष सोडलं."

टेंबे बाईंनी मान हलवली आणि पुढ्यातल्या वह्या तपासू लागल्या.

मुख्याध्यापिका कुलथे बाईंनी चष्मा पुसत विचारलं, "हे कुठं छापून येणार आहे का?"

"एम.एड.चा प्रबंध आहे. विद्यापीठाच्या ग्रंथालयात राहील."

"मग ठीक आहे. आपण तुकड्या गुणांवर करतो, हे गावाला माहीत आहे. आता हुशार मुली पेठेत राहत असतील तर त्याला शाळा काय करणार?"

"याद्या दहा जूनला लागतात," मी म्हणाले. "चाचणी जुलैत होते."

घंटा झाली. सगळ्या उठल्या. गणिताच्या बाई जाता जाता म्हणाल्या, "पूस तो फळा. पुढच्या तासाला मुली वह्या ठेवायला येतील इथं."

ही एकोणनव्वद सालच्या ऑगस्टमधली गोष्ट. मी सव्वीस वर्षांची होते, त्याच शाळेत शिकून तिथेच शिक्षिका झाले होते. दुसऱ्या दिवसापासून मधल्या सुट्टीत माझ्या बाकाजवळची जागा रिकामी राहू लागली. भांडण कोणी केलं नाही. मी डबा उघडला की कोणाला तरी वर्गात काही विसरल्याचं आठवायचं, एवढंच. घरी तरी कोण होतं. वडील गेल्यावर अम्मा भावाकडे भिवंडीला राहायला गेली होती. आम्ही पद्मशाली, घरात तेलुगू. मी शाळेमागे भाड्याच्या खोलीत एकटी राहायचे. कधी कधी भाजी चिरताना मोठ्यानं तेलुगूत बोलायचे, आपल्याला अजून येतं का ते पाहायला.

माझे मार्गदर्शक केळुसकर सर पुण्याहून पोस्टकार्ड पाठवत. समान संधी हा शब्द आपण फार सैल वापरतो, असं त्यांचं म्हणणं. एका कार्डावर त्यांनी लिहिलं होतं, "शाळा मुलांना निवडते आणि नंतर त्या निवडीला गुणवत्ता असे नाव देते. हे तुम्हांला दाखवायचे आहे. आवाज चढवू नका, तक्ता पुरेसा आहे." मला ते पटायचं. तक्त्यात मी कुठं नव्हते, असं मला वाटत होतं.

शनिवारी शाळा सुटताना टेंबे बाई व्हरांड्यात थांबल्या होत्या.

"उद्या दुपारी घरी ये," त्या म्हणाल्या. "ते रजिस्टर माझ्याकडे आहे."

टेंबे बाई आमच्या पर्यवेक्षिका. लग्न केलं नव्हतं, निवृत्तीला वर्ष राहिलं होतं. माझ्या आयुष्यात जे काही बरं झालं त्याच्या सुरुवातीला त्या होत्या. पाचवीत मी ड तुकडीत होते. जुलैच्या चाचणीनंतर एक दिवस त्या वर्गाच्या दारात आल्या, माझं नाव घेतलं, आणि मला अ तुकडीत नेऊन बसवलं. तिथून मी दहावीला बोर्डाच्या यादीच्या जवळपास गेले, डी.एड. केलं, बी.ए., बी.एड. केलं. शिक्षिका झाल्यावर मी दरवर्षी ड तुकडीच्या मुलींना हे सांगायचे. "मी इथंच बसत होते. अभ्यास केला, वर गेले. मन लावलं तर कोणीही जातं." मुली ऐकायच्या. त्यांचे डोळे मोठे व्हायचे. मला ते आवडायचं.

रविवारी मी गेले. राममंदिरामागे बाईंच्या दोन खोल्या होत्या. एकच खुर्ची होती. दुसरी त्यांनी शेजारून मागून आणली. मी बसल्यावर त्यांनी लोखंडी कपाटातून कापडात बांधलेलं रजिस्टर काढलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं.

"तू शाळेत रुजू झालीस त्या आठवड्यात मी हे घरी आणलं," त्या म्हणाल्या. "शाळेच्या दप्तरात राहिलं असतं तर कधीतरी तुझ्या हाताला लागलं असतं."

"म्हणजे?"

"पान एकेचाळीस."

ते पान ड तुकडीचं होतं. डावीकडे नावं, मग पत्ता, वडिलांचा धंदा, मग जुलैच्या चाचणीचे गुण: मराठी पन्नासपैकी, गणित पन्नासपैकी, एकूण. शेवटच्या रकान्यात तुकडी. माझं नाव अकराव्या ओळीत होतं. चिट्याल अंबिका मल्लेशम. विडी कामगार वस्ती. एकूण एकाहत्तर. शेवटच्या रकान्यातला ड खोडून हिरव्या शाईत अ लिहिला होता. हिरव्या शाईचं पेन शाळेत पर्यवेक्षिका आणि मुख्याध्यापिकाच वापरायच्या.

मी हसून वर पाहिलं. बाई हसल्या नाहीत.

"वर बघ," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या ओळीत अवघडे इंदुमती गेनू. मातंग वस्ती. मराठी पस्तीस, गणित त्रेचाळीस, एकूण अठ्ठ्याहत्तर. तिच्याही शेवटच्या रकान्यात हिरव्या शाईत अ लिहिलेला होता. आणि मग तो त्याच शाईत खोडून पुन्हा ड केला होता.

इंदू मला आठवत होती. त्या महिन्याभरात ती माझ्या शेजारी बसायची. तिच्या बोटांना शाई लागलेली असायची आणि ती पाटीवर बेरीज करताना ओठ हलवायची नाही. आम्ही बाकीच्या सगळ्या हलवायचो.

"अ तुकडीतल्या एका मुलीच्या वडिलांची बदली झाली होती," बाई सांगू लागल्या. "एक जागा रिकामी झाली. ड मधली पहिली मुलगी वर घ्यावी असं मी म्हटलं, तिच्या नावापुढं लिहिलंसुद्धा. तेव्हाच्या मुख्याध्यापिका बाईंकडे सहीला गेले. त्यांनी पत्ता वाचला. म्हणाल्या, अ तुकडीच्या पालकांकडून तक्रार येईल, दुसरी कोण आहे? मी तुझं नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, चालेल."

"आणि तुम्ही काहीच बोलला नाहीत?"

"नाही."

"तुमची नोकरी…"

"माझी नोकरी जाणार नव्हती. पंधरा वर्षं झाली होती मला. वाद घालायला पाच मिनिटं लागली असती फार तर. मी घातला नाही." त्यांनी कपाटाचं दार लावलं. "मला वाटलं, एक तरी वर जाईल. आणि तू गेलीस. मग मला त्याचं समाधानही वाटायला लागलं. दरवर्षी तू वर्गात ती गोष्ट सांगतेस ना, मी व्हरांड्यातून ऐकते."

मी विचारलं, "मग आता का देताय हे?"

"तू बाकी एकोणीस वर्षं घेतलीस. विसावं का सोडायचं?"

मी रजिस्टर घेऊन घरी आले. त्या रात्री आकडे तक्त्यात घालणं सोपं होतं, दहा मिनिटांचं काम. तरी ते मी आठवडाभर केलं नाही. केळुसकर सरांना सगळं लिहून कळवलं. त्यांचं कार्ड आलं: "आकडे जरूर घ्या, नावे नकोत. संशोधकाने स्वतःला तक्त्यात शोधू नये." बरोबरच होतं ते. पण सोमवारी मी ड तुकडीवर गेले तेव्हा एका मुलीनं विचारलं, "बाई, तुम्ही कशा वर गेलात ते सांगा ना." मी पुस्तक उघडायला सांगितलं.

मुली दाखल झाल्याच्या आणि शाळा सोडल्याच्या नोंदी असतात त्या जनरल रजिस्टरात इंदूचा शेरा मिळाला. आठवीत शाळा सोडली, कारण सततची गैरहजेरी. पत्ता तोच. पुढच्या रविवारी सकाळी मी मातंग वस्तीत गेले. याच गावात जन्मून मी तिथं पहिल्यांदाच जात होते. विचारल्यावर एका म्हातारबांनी घर दाखवलं. "नगरपालिकेच्या प्रसूतिगृहात आया हाय ती. आज घरीच आसंल."

इंदू दारात दगडावर युनिफॉर्मची पांढरी साडी घासत होती. तिनं मान वर केली आणि मला लगेच ओळखलं.

"अंबे! तू व्हय! ये की." हात पदराला पुसत ती उठली. "रस्त्यानं जाताना बगते मी तुला. हाक मारावी वाटती, पण तू बाई झालीस. पोरगीला सांगते, ती बग, माझ्या बाकावर बसायची."

घर लहान, नीटनेटकं. नवरा ट्रकवर क्लीनर होता, बाहेरगावी गेलेला. सात वर्षांची मुलगी शेजारी खेळायला गेली होती. इंदूनं बसायला सतरंजी टाकली आणि स्वतः भिंतीला टेकून बसली. ती प्रसूतिगृहातल्या गमती सांगत होती, कोणाला जुळं झालं, कोणत्या डॉक्टरीणबाई चिडक्या आहेत. माझ्याशी फार दिवसांनी कोणी तरी सरळ बोलत होतं. न सांगता उठून जावं, असं दोनदा मनात आलं. मग मी सांगितलं. चाचणी, गुण, गाव सोडून गेलेली मुलगी, खोडलेलं अक्षर, मुख्याध्यापिकेनं वाचलेला पत्ता. काही गाळलं नाही.

मला वाटलं ती चिडेल, किंवा रडेल. मी दोन्हीची तयारी करून आले होते.

"गणितात किती म्हणालीस?" तिनं विचारलं.

"त्रेचाळीस. पन्नासपैकी."

"तुला?"

"चौतीस."

"त्रेचाळीस," ती म्हणाली. मग अंगणातल्या साबणाच्या पाण्याकडे बघत बोलू लागली. "सातवीत अपूर्णांक आले. बाई म्हणायच्या, ड च्या पोरींना अपूर्णांक जमत न्हाईत, पाठ करा नि पास व्हा. मला जमायचे. पण बाई म्हणत्यात तर आपलंच कायतरी चुकत आसंल, आसं वाटायचं. मग उत्तर बरोबर आलं तरी खोडायची. पुढं पुढं जमंनाच." ती माझ्याकडे वळली. "मला गणित येत न्हाई म्हणून मी शाळा सोडली, अंबे. आईनं न्हाई सोडवली. लोकांना वाटतं आईनं सोडवली."

"इंदू, मला माहीत नव्हतं."

"तुला कसं म्हाईत आसंल." तिच्या आवाजात राग नव्हता. "पर हे तू मला कशाला सांगितलंस? आता ह्याचं मी काय करू?"

तुला माहीत असायला हवं म्हणून, असं म्हणणार होते. पण ते खरं नव्हतं. एकटीनं ते घेऊन बसवत नव्हतं म्हणून मी तिथं गेले होते.

इंदू उठली. "मला त्या पानाची नक्कल दे."

"देते. आजच लिहून देते."

"तुझ्या हातची नको. ज्यांनी खोडलं, त्यांच्या हातची दे. सहीसकट."

संध्याकाळी रजिस्टर घेऊन मी टेंबे बाईंकडे गेले आणि हे सांगितलं तेव्हा त्या दारातच उभ्या होत्या. त्यांनी रजिस्टर माझ्या हातून घेतलं. आत जाऊन फुलस्केप कागद घेतला, हिरवं पेन घेतलं आणि टेबलाशी बसून पान एकेचाळीसवरची दुसरी ओळ लिहून काढली. नाव, पत्ता, वडिलांचा धंदा, मराठी, गणित, एकूण. शेवटच्या रकान्यात त्यांनी अ लिहिला. मग तो खोडला, पुन्हा ड लिहिला, आणि खाली लिहिलं, "हा बदल माझ्या हातचा आहे." सही केली, तारीख घातली.

मी हात पुढं केला.

"नाही," त्या म्हणाल्या. "मी येते."

त्यानंतरच्या रविवारी दुपारी आम्ही दोघी निघालो. बाईंनी सुती फिकट साडी नेसली होती आणि छत्री घेतली होती. पेठेतून जाताना ओळखीचे लोक नमस्कार करत होते. पुलानंतर नमस्कार करणारं कोणी नव्हतं. वस्तीच्या तोंडाशी बाई थबकल्या, मला वाटलं दमल्या. मग चालू लागल्या.

इंदू दारात उभी होती. तिनं धुतलेली साडी नेसली होती, केस नीट बांधले होते. तिनं बाईंना नमस्कार केला नाही.

"या बाई," ती म्हणाली. आणि मी मागोमाग पायरी चढायला लागले तशी माझ्याकडे न बघता म्हणाली, "अंबे, तू बाहेर थांब."

मी थांबले. समोर हातपंप होता, तिथं बायका पाणी भरत होत्या. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग आपापल्या बोलण्यात गुंतल्या. बसायला काही नव्हतं. दार लोटलेलं होतं. आतून आवाज येत होते, पण शब्द नाही. एकदा इंदूचा आवाज बराच चढला. नंतर बाईंचा आवाज, फार वेळ, एकसारखा. मग काहीच नाही. मला वाटत होतं की केव्हाही दार उघडेल आणि कोणीतरी म्हणेल, आत ये. ज्या ओळीवरून हे सगळं चाललं होतं तिच्या खाली आठ ओळी सोडून माझंही नाव होतं.

तासभर गेला असेल. बाई बाहेर आल्या. त्यांचे डोळे लाल होते आणि छत्री त्या आतच विसरल्या होत्या. इंदूनं ती मागून आणून त्यांच्या हातात दिली.

"काय म्हणाली ती?" पुलावर आल्यावर मी विचारलं.

"ते आमच्या दोघींत राहू दे, अंबिका," बाई म्हणाल्या.

पुढं जे झालं ते थोडक्यात सांगते. त्र्याहत्तरचे आकडे मी तक्त्यात घातले. सप्टेंबरच्या सभेत टेंबे बाई उभ्या राहिल्या आणि याद्या कशा होतात ते त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, स्वतःपासून सुरुवात करून. मग कुलथे बाईंना फारसं काही बोलता आलं नाही. नव्वदच्या जूनपासून पाचवीच्या तुकड्या नावांच्या क्रमानं होऊ लागल्या. पेठेतल्या पंधरा-वीस पालकांनी मुली काढून नेल्या. शिक्षकखोलीच्या मते त्याचं कारण मी होते. टेंबे बाई निवृत्त झाल्या. त्यांनी निरोप समारंभ घेऊ दिला नाही. प्रबंध मंजूर झाला, परीक्षकांनी कौतुक केलं, आणि ब्याण्णव साली मला नाशिकच्या अध्यापक विद्यालयात जागा मिळाली. मी गाव सोडलं. निरोप द्यायला स्टँडवर कोणी आलं नव्हतं. मी कोणाला गाडीची वेळ सांगितलीही नव्हती.

बाईंना मी दिवाळीला पत्र टाकायचे. त्यांचं चार ओळींचं उत्तर यायचं: तब्येत, पाऊस, शाळेचा निकाल. इंदूबद्दल मी दोनदा विचारलं. त्या ओळीला उत्तर आलं नाही. चर्चासत्रांमधून मी तो तक्ता अनेकदा मांडला. शाळा, समता, सुधारणा यांवर बोलणारी बाई म्हणून मला लोक ओळखू लागले. त्र्याहत्तरच्या रकान्यात अ तुकडीसमोर वस्त्यांतल्या मुलींचा आकडा एक आहे. ती एक कोण, असं कधी कोणी विचारलं नाही.

दोन हजार सहामध्ये टेंबे बाई गेल्याचं कळलं. मी तिसऱ्या दिवशी पोचले. त्याच दोन खोल्या. पुण्याहून त्यांची भाची आली होती. तिला त्या घरातलं काही ठाऊक नव्हतं. भेटायला येणाऱ्यांची रीघ होती आणि ती गोंधळून गेली होती. मी सतरंजीच्या कडेला बसले. ओळखीचं कोणी दिसेना.

स्वयंपाकघरातून एक बाई चहाचे कप घेऊन बाहेर आली. केस पांढरे होत आलेले, अंगानं भरलेली. ती इंदू होती. तिनं सगळ्यांना कप दिले, कोपऱ्यातल्या म्हाताऱ्या गृहस्थांना न विचारता बिनसाखरेचा दिला. मग भाचीला म्हणाली, "गॅसची टाकी सोमवारी यायची आहे. पुस्तक खिडकीतल्या डब्यात आहे. त्यांच्या गोळ्यांची चिठ्ठी मी काढून ठेवलीय, दुकानात परत द्यायच्या राहिल्यात." तिचं बोलणं बदललं होतं. बाईंसारखं झालं होतं, थोडं.

कपाटाशेजारच्या भिंतीवर एक फोटो होता: बाई, इंदू, आणि पदवीदानाच्या झग्यातली एक मुलगी, इंदूसारख्याच कपाळाची. ती सात वर्षांची होती तेव्हाही मी तिला पाहिलं नव्हतं.

सतरा वर्षं. मी मनात मोजलं, तेलुगूत. सतरा वर्षं या घरात काय चाललं होतं, कोण कोणाला काय शिकवत होतं, कोण कोणाला माफ करत होतं की करत नव्हतं, हे मला एका ओळीनंही कळलं नव्हतं. मी नाशिकला बसून तक्ता दाखवत होते.

भाचीची नजर माझ्यावर आली. इतक्या वेळ बसलेली ही कोण, असा चेहरा करून तिनं इंदूकडे पाहिलं.

"मावशी, या कोण?"

इंदूनं माझ्याकडे पाहिलं. ओळख होती तिच्या नजरेत, आणि काही वाईटही नव्हतं.

"ही अंबिका," ती म्हणाली. "बाईंच्या शाळेत होती." आणि माझ्या हातात कप देऊन ती पुढच्या माणसाकडे गेली.